पट्ट्याला चार मुठी

“आज वार कोणता हो, मिसेस टॅलमन?” लायमनने विचारलं.

“मंगळवार.”

“म्हणजे मॅच परवा.”

“हो. परवा.”

त्याने मान हलवली, अर्धकच्च्या बीफचा तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला, आणि पुन्हा वर बघून तितक्याच अदबीने विचारलं, “आज वार कोणता हो, मिसेस टॅलमन?”

ही चौथी वेळ. पहिल्या दोन वेळा मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. कॉलेजच्या पोरांना दुसरं येतं काय! तिसऱ्यांदा मी त्याला दटावलं. चौथ्यांदा मात्र मी वाढायचा चमचा खाली ठेवला. समोर बसलेला माझा नवरा जॅस्पर खायचा थांबला होता आणि माझ्याकडे बघत होता.

मी उठून लायमनच्या मागे गेले. त्या वर्षी कॉलेजच्या फुटबॉल टीममधल्या सगळ्यांनी जुलैपासून केस कापले नव्हते. डोक्याला दुसरं संरक्षण काही नसायचं, तेव्हा केसच वाढवायचे अशी पद्धत. गावातल्या मुली त्या डोक्यांना शेवंती म्हणत. त्या शेवंतीत बोटं घातली तर डाव्या कानामागे अंड्याएवढं टेंगूळ लागलं, आणि ते मऊ होतं. टेंगूळ मऊ असू नये एवढं मला कळत होतं.

“हे कधी लागलं रे?”

“काय?”

“हे. डोक्याला.”

“मला कुठे काय लागलंय?” तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा मागे राहिला. “मिसेस टॅलमन, आज वार...”

“मंगळवार,” जॅस्पर टेबलावर मूठ आपटून ओरडला. “मंगळवार, मंगळवार, मंगळवार! जा झोप जा.”

लायमन वेदरबी आमच्याकडे दोन वर्षं राहत होता, वरच्या माळ्यावरच्या खोलीत. व्हरमाँटच्या डोंगरातला, विधवा आईचा एकुलता एक मुलगा. टीममध्ये चेंडू घेऊन पळायचं काम त्याचं, आणि ते त्याच्यासारखं करणारा आमच्या कॉलेजात दुसरा नव्हता. घरी मात्र गरीब गाय. माझी लाकडं फोडून द्यायचा आणि न सांगता पायरीवरचा बर्फ काढायचा.

माझं काम शिवणाचं. आमच्या घराखाली जॅस्परचं खोगीर-लगामाचं दुकान, मागच्या खोलीत माझं मशीन. टीमचे कपडे वीस वर्षं मीच शिवत आले, त्यामुळे हा आमचा अमेरिकन फुटबॉल कसा जन्मला ते मी पुस्तकातून नाही, सुई-दोऱ्यातून बघितलंय. सुरुवातीला पंचवीस पंचवीस पोरं मैदानात उतरायची आणि चेंडूला नुसत्या लाथा मारायची. तेव्हा अंगात साधे लोकरी सदरे चालत. मग चेंडू उचलून पळायची टूम निघाली, सदरे धरून ओढाओढी सुरू झाली आणि ते फाटायला लागले, म्हणून मी कॅनव्हासची घट्ट जाकिटं शिवली. पोरं त्यांना डुकराची चरबी चोळायची, समोरच्याची बोटं घसरावीत म्हणून. दर हिवाळ्यात चार कॉलेजांची पोरं कुठल्याशा हॉटेलात बसून नवे नियम करायची आणि दर उन्हाळ्यात मी नवे कपडे बेतायची. माणसं अकरावर आली. दोन बाजूंमध्ये रेघ आली. मग पाचरीसारखं एकत्र घुसायची पद्धत आली आणि आमच्या पलंगपोसांच्या पट्ट्या होऊन जखमांना बांधल्या जाऊ लागल्या. मी तेव्हाही म्हणाले होते, हा खेळ उरला नाही. कोण ऐकतंय शिंपिणीचं?

तर त्या मंगळवारी लायमन वर गेला आणि मी जॅस्परला म्हणाले, “त्याला खेळू द्यायचं नाही.”

“हळू बोल.”

“उद्या सकाळी मी कॅप्टनला सांगते.”

“सांग ना. मग बोचकं पण बांधून ठेव. कुठे जायचं तेवढं ठरवून ठेव म्हणजे झालं.”

कारण दोन आठवड्यांपूर्वी माझ्या नवऱ्याने आमचं घर पैजेवर लावलं होतं. घर म्हणजे खाली दुकान, वर आम्ही. माझ्या वडिलांनी स्वतः विटा रचून बांधलेलं. ब्लीकच्या चिरुटांच्या दुकानात हे झालं. दोन्ही बाजूंच्या पैजांचे कागद ब्लीकच्या हवाली होत, आणि निकाल लागेपर्यंत तो ते तिजोरीत ठेवी. मॅच ज्यांच्याशी होती त्या नदीपलीकडच्या कॉलेजात शिकलेला हॅसकेल नावाचा लाकडांचा व्यापारी कोटाला निळी रिबीन लावून तिथे आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “या गावात आपल्या पोरांवर भरवसा असलेला एक तरी पुरुष आहे का? माझी नदीकाठची वखार लावतो मी.” गावातले मोठमोठे लोक चिरुटांचे खोके निरखीत बसले. आणि जॅस्पर, ज्याने कॉलेजचा उंबरा लगाम पोचवण्यापलीकडे कधी ओलांडला नाही, तो पुढे झाला. दोन वर्षांपूर्वी त्याने पोरांच्या नाकासाठी कातडी कवचं करून दिली होती आणि जिंकल्यावर त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. तेवढ्यावर माझा माणूस विकला गेला. आपल्या कॉलेजवर पैज घ्यायला नकार देणं म्हणजे आमच्या गावात नामर्दपणा, आणि उलट्या बाजूने लावणं म्हणजे तर फितुरी. घर गेलं तरी चालेल, पण नाक राहिलं पाहिजे.

“पैज मागे घे,” मी म्हणाले.

“मागे घेता येत नाही, विनी. मॅच झाली की निकाल लागणार. एखादा पोरगा आजारी पडला म्हणून ब्लीक कागद परत देईल होय?”

“त्याच्या डोक्यात काहीतरी फुटलंय.”

“पोरांची डोकी फुटतात. दर वर्षी फुटतात.” मग त्याचा आवाज एकदम बसला. “लायमन नसेल तर आपण हरलो. बस. मी पंचावन्न वर्षांचा आहे. मला दुसऱ्याच्या दुकानात कोण ठेवेल? तुला कोण ठेवेल?”

तो रडायला लागला. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मला त्याची कीव आली, आणि त्याचा गळाही धरावासा वाटला.

बुधवारी सकाळी कॅप्टन रॉस्को आला. त्या काळी टीमचा सगळा कारभार कॅप्टनच्या हातात असे. रॉस्को चांगल्या घरातला, बावीस वर्षांचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती त्याच्या.

“लायमन कसा आहे?” दारातूनच त्याने विचारलं. “कालच्या सरावात पडला होता. उठला, पण उलट्या बाजूला पळायला लागला. पोरं हसली. मला हसू आलं नाही.”

मी एप्रनला हात पुसले.

“मिसेस टॅलमन, तो तुमच्या घरात राहतो. तुम्हाला जेवढं दिसतं तेवढं मला दिसत नाही. काही असेल तर सांगा. मी पिकेटला घेईन त्याच्या जागी. हरू कदाचित, पण घेईन.”

जॅस्पर दुकानात होता. मधलं दार उघडं होतं आणि आरीचा आवाज थांबला होता.

“सर्दी झालीय त्याला,” मी म्हणाले. “रात्रभर शिंकत होता. डोकं जड होणारच.”

हे मी म्हणाले. जॅस्पर नाही. पुढे लोकांनी जॅस्परला नावं ठेवली आणि माझ्याकडे दयेने बघितलं, पण तो खोटा शब्द माझ्या तोंडून गेला. माझ्या वडिलांच्या विटा माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

रॉस्कोने सुटकेचा श्वास सोडला. तसा तोही पोरच होता; त्याला तेच ऐकायचं होतं.

मग मी आणखी एक गोष्ट केली. खेळ सुरू होताना कॅप्टन आकडे ओरडायचा आणि आकड्यावरून कोणी कुठे पळायचं ते ठरलेलं असायचं. रॉस्को गेल्यावर मी लायमनला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, “सत्तावीस म्हटलं की?” तो म्हणाला, “डावीकडून.” पाच मिनिटांनी विचारलं तर म्हणाला, “सत्तावीस काय?” आता हा मैदानात भलतीकडे पळाला तर सगळं उघडं पडणार. तेव्हा मला मुठी सुचल्या. दुसऱ्या एका कॉलेजात पळणाऱ्याच्या पट्ट्याला कातडी मुठी शिवत, म्हणजे सोबत्यांना त्याला धरून पुढे ओढता येई. मी जॅस्परकडून बग्गीच्या सामानाचं जाड कातडं घेतलं आणि लायमनच्या पट्ट्याला चार मुठी शिवल्या, मेणाच्या दुहेरी दोऱ्याने. मला वाटलं, आता त्याला काही आठवायला नको. चेंडू पोटाशी धरायचा, नेणारे नेतील. खरं सांगते, मी त्या मुठी शिवताना त्याचं भलंच करतेय असं मला वाटत होतं.

एकच गोष्ट त्याला स्वतःला करावी लागणार होती. चेंडू घेतलेला माणूस अडला, पडला, दाबला गेला, तरी त्याने स्वतः ‘डाउन’ म्हणून ओरडेपर्यंत खेळ थांबत नसे. तोपर्यंत आपले लोक ओढणार आणि समोरचे अंगावर पडत राहणार. तो शब्द त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी उच्चारून चालत नसे.

“पडलास की काय करायचं?” मी विचारलं.

“ओरडायचं.”

“काय म्हणून?”

“डाउन.”

मी मागून मूठ धरली आणि त्याला फरशीवरून खसकन ओढलं. तो हसत गुडघ्यांवर पडला. “डाउन!” मी पुन्हा ओढलं. “डाउन! मिसेस टॅलमन, तुम्हालाच घ्यायला हवं टीममध्ये.” जॅस्पर दारात आला, तोही हसला आणि परत दुकानात गेला. आम्ही तिघं त्या दुपारी हसलो, हे आठवलं की मला माझीच किळस येते. नऊ वेळा तो ओरडला. दहाव्या वेळी खाली पडला, मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि ही बाई कोण अशा नजरेने बघत राहिला.

“ओरड ना रे,” मी म्हणाले.

“आई,” तो म्हणाला, “डोकं फार दुखतंय गं.”

मी त्याला झोपवलं आणि कपाळावर थंड फडकं ठेवलं. नऊ वेळा बरोबर म्हणाला, असं मी जॅस्परला सांगितलं.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग, देवाचे आभार मानायचा सण. गावात कोणाच्याही घरी टर्कीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पाच हजार माणूस मैदानावर लोटलं होतं, आमच्या बाजूला कोटांना खोचलेली पिवळी शेवंती, पलीकडे निळ्या रिबिनी. मी आणि जॅस्पर लाकडी बाकांच्या तिसऱ्या रांगेत. जॅस्परने माझा हात धरला होता, तो इतका घट्ट की अंगठी बोटात रुतत होती.

पूर्वार्धात लायमन चार वेळा चेंडू घेऊन गेला. मुठींना धरून पोरं त्याला ओढत नेत होती, आणि चारही वेळा त्याचा आवाज आला. चौथ्या वेळी मला हायसं वाटलं. मी मनात देवाचे आभारसुद्धा मानले, दिवसच तो होता.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा पलीकडचे पाच आणि आमचं शून्य. रॉस्को आकडा ओरडला. पोरांची पाचर झाली, मधोमध लायमन. समोरच्यांनी ती त्यांच्या शेवटच्या रेघेपासून वीस पावलांवर अडवली. लायमनचे पाय थांबलेले मला दिसले. गुडघे वाकले. तो खाली जायला लागला, पण चार बाजूंनी मुठी धरलेल्या, त्यामुळे तो पूर्ण पडलाच नाही. मी वाट बघत होते. रॉस्कोही वाट बघत असणार. आवाज आला नाही, तेव्हा अजून दम आहे असं समजून पोरांनी ओढलं. समोरचे त्याच्या मानेवर, डोक्यावर पडत राहिले आणि आमचे ओढत राहिले.

“ओरड,” मी म्हणाले. मग उभी राहून किंचाळले, “ओरड रे! ओरड!” माझ्याभोवती सगळेच किंचाळत होते. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “शाब्बास, बाई!”

तो सगळा ढीग घसरत त्या शेवटच्या रेघेपलीकडे गेला. रेफरीने एकेकाला ओढून बाजूला केलं. तळाशी लायमन, चेंडू पोटाशी. रेघ ओलांडल्याचे चार, वरून रॉस्कोची किक बसली तिचे दोन, आणि सहा-पाच झाले. आम्ही जिंकलो. तो ओरडला असता तर वीस पावलांवरच थांबलो असतो.

टोप्या उडाल्या, लोक मैदानात धावले, जॅस्परला कोणीतरी उचललं. कपडे बदलायच्या खोलीचं दार काढून त्यावरून लायमनला माझ्या घरी आणलं. डॉक्टरने त्याच्या पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं, “याला याआधी डोक्याला लागलं होतं का?”

“नाही,” जॅस्पर म्हणाला.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी लायमनच्या केसातला चिखल पुसत होते आणि पुसतच राहिले.

“याच्या आईला तार करा. आजच.”

शनिवारी सकाळी अकराच्या गाडीने ती येणार होती. लायमन तेव्हा जिवंत होता. श्वास चालू होता, डोळे अर्धवट उघडे, पण कोणाकडे बघत नव्हते. डॉक्टर म्हणाला होता की संध्याकाळ पाहिली तर पुष्कळ. ते ऐकून तरी जॅस्परने घरात बसायला हवं होतं. पण आमच्याकडे अशा पैजेत एक रीत असते. हरलेल्याने जिंकलेल्याला हातगाडीत बसवून अख्ख्या मेन स्ट्रीटवरून ढकलत न्यायचं. ती मिरवणूक झाल्याशिवाय ब्लीक कागद सोडत नसे. हॅसकेलची परतीची गाडी दुपारची होती.

“मी काय करू, विनी?” जॅस्पर नवा कोट हातात धरून उभा होता. “तू सांग.”

“आता मला विचारतोस?”

तो गेला. मी शेजारणीला लायमनजवळ बसवून स्टेशनवर गेले.

मिसेस वेदरबी माझ्याहून लहान चणीची निघाली. काळी टोपी, हातात दोरीने बांधलेली पेटी आणि कापडात गुंडाळलेली सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी. आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत बसली होती. मला बघताच म्हणाली, “तुम्हीच मिसेस टॅलमन ना? तो लिहितो तुमच्याबद्दल. दर पत्रात लिहितो. घरच्यासारखं बघता म्हणतो.”

मी तिची पेटी घेतली. ती नको नको म्हणत होती.

मेन स्ट्रीट ओलांडल्याशिवाय घर येत नव्हतं, आणि मेन स्ट्रीट माणसांनी भरला होता. बॅंड वाजत होता, खिडक्यांतून पिवळी फुलं पडत होती, बायका पोरांना उंच धरून दाखवत होत्या. आम्ही फुटपाथवर अडकलो. मिसेस वेदरबी टाचा उंचावून बघायला लागली.

“हे काय आहे?”

“मॅच जिंकलो ना. त्याची मिरवणूक.”

“लायमनची टीम?”

“हो.”

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. “म्हणजे बराच असणार तो! तारेत वाचलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं होतं. पण त्याला काही कमीजास्त असतं तर गाव असं हसलं असतं का हो?”

तेवढ्यात हातगाडी आली. हॅसकेल बाह्या सरसावून ढकलत होता आणि आत जॅस्पर बसला होता, गुडघे हनुवटीला टेकवून, गळ्यात फुलांची माळ घालून. लोक त्याच्या नावाने ओरडत होते. त्याने मला बघितलं आणि माझ्या शेजारी कोण उभी आहे ते ओळखलं. उतरायला त्याने गाडीची कड धरली, पण हॅसकेलने हसत गाडीला हिसका दिला आणि तो पुन्हा आत बसला.

मी पेटी खाली ठेवली. कसं सुरू करायचं याचा विचार केला असता तर ते कधीच सुरू झालं नसतं, म्हणून मी सरळ म्हणाले, “मिसेस वेदरबी, त्याला मंगळवारीच लागलं होतं. मला माहीत होतं. कॅप्टनने विचारलं, तेव्हा मी सर्दी झालीय म्हणून सांगितलं.”

तिने हसऱ्याच चेहऱ्याने कान माझ्याकडे केला, टोपीची कड बोटाने वर उचलली आणि म्हणाली, “बॅंडमुळे काही ऐकू आलं नाही हो. काय म्हणालात?”

मग मला ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगावं लागलं.